सेतुराव, तिसऱ्या प्रतीबद्दल

सेतुराव, तुमच्या मागोमाग तुमच्या सर्व्हरची एक डिस्क गेली. ही बातमी तुम्हाला द्यायला हवी होती. सवयीने फोन हातात घेतला, तुमचं नाव काढलं आणि मग भानावर आलो. असं दोनदा झालं. तेव्हा ठरवलं, लिहूनच कळवू.

इशाऱ्याची मेल तुम्हाला आणि मला, दोघांनाही जाते. ती सोय तुमचीच. "मी आंघोळीला गेलेलो असलो तर तुम्ही बघा," असं म्हणाला होतात. तुमचं सुतक अजून फिटलं नव्हतं. सकाळी चहा घेताना मेल दिसली. तिच्यात एक लहानशी चौकट असते. दोन्ही डिस्क चालू असल्या की चौकटीत दोन यू शेजारीशेजारी उभे असतात. एक बंद पडली की तिच्या जागी खाली नुसती आडवी रेघ येते. त्या सकाळी एक यू होता आणि एक रेघ. अर्थ लगेच कळला, तरी मेल बराच वेळ तशीच उघडी ठेवून बसलो. चहा निवला.

मिरर म्हणजे काय हे तुम्ही मला पहिल्यांदा समजावलंत ते एग्मोरच्या आपल्या कचेरीतल्या भाषेत. दोन कारकून, एकच मजकूर, एकाच वेळी दोघांच्या कागदावर. एक रजेवर गेला तरी काम अडत नाही. तो परत आला किंवा त्याच्या जागी नवा आला की दुसरा त्याला सगळं पहिल्यापासून उतरवून देतो. मी लेखा विभागातला माणूस, मला हे पटकन पटलं. लिनक्स मात्र पटायला वर्ष लागलं. काळ्या पडद्यावर टाइप केलेल्या आज्ञांवर विश्वास कसा ठेवायचा, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "चित्रं दाखवून काम करणाऱ्यापेक्षा हा बरा. काय केलं ते लिहून तरी सांगतो."

मैलापूरच्या तुमच्या घरात कोठीच्या खोलीत, तांदळाच्या डब्यांशेजारी ते मशीन आहे. त्यात काय आहे हे बाहेर फार कुणाला ठाऊक नाही. तंजावरहून मद्रासला आलेल्या तुमच्या नात्यागोत्यातल्या म्हाताऱ्या बायकांचं बोलणं तुम्ही वर्षानुवर्षं टिपत होतात. आधी नुसता आवाज, पुढे व्हिडिओ. लग्नातली गाणी, आंबटीत चिंच किती घालायची याचे वाद, नवऱ्याचं नाव न घेता त्याला घातलेल्या शिव्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या शेजारी राहून वेगळी झालेली ती मराठी. तीस-बत्तीस बायका. त्यांतल्या आज हयात चार. त्यांची नातवंडं इंग्रजीत बोलतात, चिडली की तमिळमध्ये. त्या बायकांचं बोलणं तुमच्या दोन डिस्कवर आहे आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. एक डिस्क गेली म्हणजे ते सगळं आता एका डिस्कवर उभं होतं.

आणि ती एकही धड नव्हती. दोन्ही तुम्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आणलेल्या. दोन्ही पन्नास हजार तासांच्या वर फिरलेल्या. जोडीतली पहिली थकली की दुसरीचं वय वेगळं नसतं. मी पिशवीत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि निघालो.

दार अत्तैंनी उघडलं. तुमच्या वडिलांच्या या धाकट्या बहिणीला सगळं घर अत्तै म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. ऐंशी उलटली आहे. सैदापेटला एकट्या राहतात. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा दोन साड्यांची पिशवी घेऊन आल्या आणि राहिल्या. तुमचा मुलगा गुरुजींबरोबर बाहेर गेला होता, घरात अत्तै आणि कमलावहिनी, दोघीच होत्या. अत्तैंची मराठी मला हुबेहूब लिहिता येणार नाही. त्यांचा सूर तर नाहीच. तुम्ही असतात तर मी लिहिलेलं वाचून तांबडी खूण केली असतीत.

"पिशवीत काय आणलं, पा?"

मी सांगितलं. डिस्क बदलायची आहे, उशीर करून चालणार नाही.

"सुतकात नवं काही उघडायचं नाही. मग कर. कोट पळून जातंय ते?"

"पळून कुठे जात नाही, अत्तै, पण..."

आतून कमलावहिनी आल्या. "अत्तै, नवं नाही. ह्यांनीच आणून ठेवलंय. दोन डब्या, कपाटात. दवाखान्यात जायच्या आधी."

अत्तैंनी जरा विचार केला. "त्यानं आणलेलं म्हणजे त्याचं उरलेलं काम. उरलेलं काम सुतकातच करायला हवं, नाही तर जीव अडकतो. सरी, कर."

शास्त्रात हे कुठे आहे मला माहीत नाही. अत्तैंनाही माहीत नसावं. पण माझं काम झालं.

नव्या डिस्क दुप्पट मोठ्या होत्या, चार-चार टेराबाइटच्या. जुन्या नव्वद टक्के भरल्या होत्या, म्हणून तुम्ही त्या आणल्या होत्या. त्या कशा बसवायच्या हे आपण आधीच ठरवलेलं होतं. एका वेळी एकच. आधी एक जुनी काढायची, तिच्या जागी एक नवी लावायची, तिला सगळं उतरवून घेऊ द्यायचं. ते पुरं झालं की मगच दुसरी. घाई केली, दोन्हींना एकदम हात लावला, तर काही उरत नाही. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की मी एकदा म्हणालो, "सेतुराव, मी काय लहान आहे?" तुम्ही म्हणालात, "नाही. पण मी म्हातारा होतोय, मी स्वतःला सांगतोय."

मशीनने आजारी डिस्कचा नंबर पडद्यावर दिला. तो मी कागदावर उतरवला, दोनदा ताडून पाहिला आणि मशीन बंद केलं. झाकण काढलं. वहिनींनी टॉर्च धरला. दोन सारख्या डिस्क, एकावर एक. आता फक्त लेबलावरचा नंबर वाचायचा आणि जी आजारी ती काढायची. या कामातली सगळ्यात मोठी चूक एकच असते. चांगली डिस्क काढायची, आजारी आत ठेवायची आणि आजारीवरून नवीवर उतरवून घ्यायला लागायचं.

नंबर दिसत नव्हते. दोन्ही लेबलांवर गंधाचा पिवळा थर होता आणि मध्ये कुंकू.

आयुधपूजा! गिंडीतल्या कारखान्यांत लेथला लावतात, रस्त्यावर ऑटोला लावतात, बँकेत नोटा मोजायच्या यंत्राला लावतात. पण ते बाहेरून. तुम्ही दरवर्षी त्या दिवशी मशीन बंद करायचात, झाकण काढायचात, ब्रशने धूळ झाडायचात आणि आतल्या प्रत्येक डिस्कला गंध-कुंकू लावायचात. "काम आतलं करतं, मान बाहेरच्या पत्र्याला का?" मी म्हणालो होतो, निदान नंबर सोडून लावा. तुम्ही हसला होतात. "देवाला नंबर दिसतो हो." देवाला दिसत असेल. मला दिसत नव्हता. जागा सपाट म्हणून तुम्ही दरवर्षी नेमकं तिथेच लावलंत, वर्षावर वर्ष. दोन्ही डिस्कवर सारखंच, कारण तुम्ही दुजाभाव करत नव्हतात.

केबलच्या जागेवरून अंदाज बांधता आला असता. पण तुम्ही सगळ्या केबल एकत्र बांधून मागून फिरवलेल्या, आणि अंदाजावर मी विजेचं बिलही भरत नाही. थर पुसला की नंबर दिसेल, हे सरळ होतं. तेवढं तोंडातून निघेना. त्या घरात, त्या आठवड्यात, टॉर्च धरून शेजारी वहिनी उभ्या असताना, "कुंकू पुसायला हवं" हे शब्द मला उच्चारता येईनात.

"थांबलात का?" वहिनींनी विचारलं.

"दुसरा एक मार्ग आहे. जरा लांबचा. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, एकेक डिस्क जोडायची आणि तिला तिचा नंबर विचारायचा..."

"नंबर लिहिलेला नसतो?"

"असतो. पण..."

त्यांनी वाकून पाहिलं. टॉर्च माझ्या हातात दिला. "भावजी, ह्या आठवड्यात जो येतो तो माझ्या कपाळाकडे तरी बघतो, नाही तर जमिनीकडे. अत्तैंनी पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं, कपाळ कमलेचं आहे, कुणी बोलायचं नाही. तर बोलायचे थांबले. बघायचे थांबले नाहीत. तुम्ही तर आता डिस्ककडे बघायलासुद्धा घाबरता."

मी टॉर्च लेबलांवर धरला.

"लावताना ते मला विचारायचे, बरोबर मध्यावर आलं का? मी सांगायची, जरा डावीकडे." त्या आत गेल्या, ओला कापूस घेऊन आल्या आणि जमिनीवर बसून त्यांनी स्वतः थर पुसायला घेतला. हळूहळू, कडेकडेने. कापूस पिवळा झाला, मग लाल. दुसरा कापूस घेतला. त्या रडल्या नाहीत. मलाच चष्मा पुसावा लागला.

पहिल्या लेबलावरची शाई कापसाबरोबर निघून आली. तिचा नंबर कायमचा गेला. दुसऱ्यावरचे शेवटचे पाच आकडे टिकले आणि ते कागदावरच्या आजारी नंबराशी जुळले नाहीत. म्हणजे दुसरी चांगली, पहिली आजारी. दोघींपैकी एकीचा कळला म्हणजे दोघींचा कळला. तरीही मी ती चांगली डिस्क एकटी जोडून, पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून, तिला नंबर विचारला. बरोबर निघाला. "एकदा खात्री झाल्यावर परत कसाला?" असं तुम्ही म्हणाला असतात. तुमच्यामाझ्यात तेवढाच फरक होता. तुमचा विश्वास आधी बसायचा आणि मग तुम्ही तपासायचात. माझं उलट.

नवी डिस्क बसवली. तिच्या कडेला मी पांढरी चिकटपट्टी लावून नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला. वहिनी म्हणाल्या, "ह्याला लावायचं नाही?" मी म्हटलं, "लावा की. फक्त पट्टी सोडून." त्या म्हणाल्या, "सुतक फिटलं की."

मग आज्ञा दिली आणि पडद्यावर टक्के चढायला लागले. पावणेपाच तास दाखवत होतं. या वेळात करण्यासारखं काहीच नसतं. जुनी चांगली डिस्क नवीला सगळं वाचून दाखवत असते, आणि त्या वेळात तिने दम सोडला तर सगळंच संपतं. अत्तै दाराशी खुर्ची टाकून बसल्या. भात शिजायला टाकल्यावर विचारावं तसं मधूनच विचारत, "किती झालं?"

"सतरा टक्के."

"ही तिला अस्कं सांगते?"

"सगळं. पहिल्यापासून."

"आपल्या मनचं काही घालत नाही? काही गाळत नाही?"

"नाही. अक्षरसुद्धा नाही."

"मग ती बाई नव्हे," अत्तै म्हणाल्या. वहिनी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या असाव्यात. हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला. सेतुराव, ते हसू तुमच्यापर्यंत पोचवायचं म्हणून हा तपशील.

बसल्या बसल्या मला आपलं भांडण आठवत होतं. नेमकं याच अत्तैंवरून सुरू झालेलं. फार वर्षांपूर्वी तुम्ही त्यांचा मिनिटभराचा एक व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलात. कौतुकाने. तिकडून, महाराष्ट्रातून, कुणीतरी उत्तर दिलं, "ही कुठली मराठी?" आणि पुढे हसरे चेहरे, एकाखाली एक. अत्तैंना कुणीतरी ते दाखवलं. त्या तुमच्याशी कित्येक महिने बोलल्या नाहीत. पुन्हा बोलल्या तेव्हा अट घालून. त्यानंतर प्रत्येक बाईसमोर कॅमेरा लावण्याआधी तुम्ही तिला शब्द दिलात की हे घराबाहेर जाणार नाही.

मी म्हणायचो, "मिरर म्हणजे राखीव प्रत नव्हे. एकीत चुकून काही पुसलं की दुसरीतही त्याच क्षणी पुसलं जातं. आग लागली, पुराचं पाणी शिरलं, तर दोन्ही एकाच पेटीत. तिसरी प्रत हवी, आणि ती दुसऱ्या घरात हवी. माझ्याकडे ठेवा."

"तुमचं घर क्रोमपेटला. म्हणजे बाहेर."

"मी कुणाला ऐकवणार आहे का?"

"ऐकवण्याचं नाही हो. शब्द दिलाय."

एकदा मी चिडून म्हणालो, "तुम्ही भाषा राखताय की लपवताय?" तुम्ही म्हणालात, "काही गोष्टी लपवल्याशिवाय राहत नाहीत." मला ते उत्तर तेव्हा चुकीचं वाटलं. आजही अर्धं चुकीचं वाटतं. दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हाही मी विषय काढलाच. तुम्ही हाताला लावलेल्या नळीकडे बघत म्हणालात, "तुम्ही हिशेबी माणूस. तुमच्याशी भांडण जिंकता येत नाही. म्हणून तहकूब." मला वाटलं, पुढची तारीख मिळेल.

दुपारी टक्के पुरे झाले. चौकटीत पुन्हा दोन यू उभे राहिले. मी वहिनींना दाखवले. त्यांनी पडद्याला हात लावला नाही, नुसती मान हलवली. एकट्या नव्या डिस्कवरूनही मशीन सुरू व्हायला हवं, त्यासाठीचा छोटा प्रोग्राम तिच्यावर वेगळा टाकावा लागतो. तो टाकला, आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे खरंच सुरू होतं का ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन उरलेली जुनी काढली, दुसरी नवी बसवली, परत तेवढेच तास. मग मशीनला सांगितलं की जागा आता दुप्पट आहे, ती वापर. नव्वद टक्के भरलेलं होतं ते निम्म्याच्याही खाली आलं. सेतुराव, एवढी मोकळी जागा तुम्ही कुणासाठी आणली होतीत? उरल्या होत्या चारच. मला वाटतं, चौघींचंही बोलणं संपायचं नव्हतं आणि हे तुम्हाला ठाऊक होतं.

आणि आता माझ्या हातात एक डिस्क होती. जोडीतून काढलेली, जुनी पण चांगली. तिच्यात त्या सकाळपर्यंतचं सगळं जसंच्या तसं. म्हणजे मी इतकी वर्षं मागत होतो ती तिसरी प्रत. माझी पिशवी उघडीच होती. आत टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. तुम्हालाही नाही.

ती टाकावी असं वाटलं, हे लपवत नाही. भीतीच तशी होती. पण तुमच्या पाठीमागे भांडण जिंकणं म्हणजे समोरचा हजर नाही म्हणून दावा निकालात काढणं. मी डिस्क टेबलावर ठेवली आणि दोघींना सगळं सांगितलं. तिसरी प्रत का हवी, तुम्ही का नाही म्हणालात, तुमचा शब्द काय होता.

वहिनी म्हणाल्या, "हे तुम्ही दोघांनी मिटवायला हवं होतं. आता मी त्यांच्या बाजूने बोलू की तुमच्या?"

अत्तैंनी विचारलं, "हे घर जळालं तर?"

"तर सगळं जाईल, अत्तै. तुमचं, तुमच्या आईचं, सगळ्यांचं."

"आणि तू नेलंस तर?"

"तर सेतुरावांचा शब्द मोडेल."

त्या उठल्या. टेबलावरची डिस्क उचलून हातात तोलून पाहिली. "शब्द मजला दिला होता. घराबाहेर जायचं नाही. माझं बोलणं मी माझ्या घरी नेलं, तर ते बाहेर गेलं का?"

मी म्हटलं, "तुमचं बोलणं तुमचं. पण यात बाकीच्याही आहेत."

"बाकीच्या कोण? माझी आई. माझ्या दोघी जावा. गौरी, तिची सासू. अस्क्या माझ्या हातचं जेवलेल्या. ज्या बाया माझ्या घरी जेवल्या त्यांचं बोलणं माझ्या घरी राहायला काय हरकत? सैदापेटला मी दुसऱ्या मजल्यावर. पाणी येत नाही. आग मी लावू देत नाही."

मी म्हटलं, "हयात आहेत त्यांना तरी विचारायला हवं."

"अय्यो, किती रे तुझा हिशेब!" पण त्यांनी वहिनींकडून फोन लावून घेतले. त्यांना सोडून तिघी. पहिलीला कमी ऐकू येतं. तिला अत्तै ओरडून म्हणाल्या, "गौरी, तुझं तोंड मी माझ्या घरी नेतेय, चालेल का?" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. अत्तै म्हणाल्या, "नाही गं, अस्कं तोंड. नुसते दात नव्हेत." आणि मग दोघी हसल्या आणि मग दोघी तुमच्याबद्दल बोलायला लागल्या आणि अत्तैंनी फोन वहिनींच्या हातात देऊन पाठ फिरवली. बाकी दोघींनी लगेच हो म्हटलं. एकीने विचारलं, "तिकडे गेल्यावर आमचं कोण ऐकेल?" अत्तै म्हणाल्या, "मी. दुसरं काम काय आहे?"

तर सेतुराव, तिसरी प्रत झाली. ती वेगळ्या घरात आहे, म्हणजे माझं ऐकलं गेलं. ती बाहेर गेलेली नाही, म्हणजे तुमचं ऐकलं गेलं. असा तोडगा तुमच्यामाझ्या डोक्यात कधी आला नाही, कारण आपण दोघंच भांडत राहिलो. ज्यांचं बोलणं होतं त्यांना विचारायचं सुचलंच नाही. बंद ठेवलेली डिस्क वर्षातून एकदा तरी फिरवून पाहावी लागते, नाही तर ती अडकून बसते. ते मी करीन. म्हणजे वर्षातून एकदा तरी सैदापेटला जाणं आलं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. वर्ध्याहून बदली होऊन मी या शहरात आलो तेव्हा महिनाभर मी बायकोशी फोनवर सोडता कुणाशी मराठीत बोललो नव्हतो. कँटीनमध्ये तुम्ही माझं आडनाव विचारलंत आणि तुमच्या त्या मराठीत म्हणालात, "मग परके का वागता, घरी या." मला ती भाषा पुरी कळली नव्हती. घर कळलं होतं. याबद्दल आभार मानायचे राहून गेले. तुम्हाला ते आवडलेही नसते.

सुतक फिटल्यावर अत्तैंना घरी पोचवायला मी ऑटोत बसलो. डिस्क मी नव्या डिस्कच्या खोक्यात नीट बसवून दिली होती. त्यांनी ती साड्यांच्या घडीत, पिशवीत घातली आणि पिशवी पायाशी ठेवली. लुझ सोडलं, आळवारपेट सोडलं. नंदनमच्या सिग्नलला ऑटो थांबली तेव्हा म्हणाल्या, "ह्यात तो आहे का?"

"कोण, अत्तै?"

"सेतू. आम्ही बोलत होतो तेव्हा तो पुढ्यात बसून मधे मधे विचारायचा. चिंच किती, गाणं कुणी शिकवलं, मग ती काय म्हणाली. तें पण भरलंय का?"

इतकी वर्षं मी तो साठा टेराबाइटमध्ये मोजला, तासांत मोजला, बायकांच्या संख्येत मोजला. हे माझ्या मोजणीत आलं नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "प्रत्येकीच्या बोलण्यात आहे."

त्या वाकल्या, साड्यांच्या घडीतून खोकं काढलं आणि मांडीवर घेतलं. सिग्नल सुटला. पुढचा रस्ता खणलेला होता, ऑटो चांगलीच आदळत होती. बंद डिस्कला एवढ्या धक्क्याने काही होत नाही, हे मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. सैदापेट येईपर्यंत त्यांनी दोन्ही हात खोक्यावरून उचलले नाहीत.